अर्धा वहिनींकडे, अर्धा माझ्याकडे

पासवर्ड टाकताना दादा कीबोर्डवर रुमाल पसरायचा आणि रुमालाखाली हात घालून टाइप करायचा. समोर मी, त्याचा सख्खा धाकटा भाऊ असलो, तरी रुमाल निघायचाच. आमच्या सातपूरच्या शेडमधली माणसं पाठीमागे त्याला कुलूपदादा म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं. ‘कुलूपच म्हणतात ना? मग ठीक आहे,’ एवढंच म्हणायचा.

धंदा म्हणाल तर द्राक्षांच्या बॉक्सवरची लेबलं छापण्याचा. यात लपवण्यासारखं काय असतं, असं मलाही वाटायचं. मग एका हंगामात दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने आपल्या बागेचं चित्र फ्लॉपीवर आणलं. फ्लॉपीत व्हायरस होता. दुपारपर्यंत आमची सगळी डिझाइन्स गेली. दादा कुणावर ओरडला नाही. घरी गेला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने अडगळीतला जुना कॉम्प्युटर पुसून दाराजवळ स्टुलावर मांडला. त्याला बाकीच्या यंत्रांची एकही वायर जोडली नाही.

‘हा आपला उंबरठा,’ त्याने आम्हाला सांगितलं. ‘बाहेरची चप्पल बाहेर, बाहेरची फ्लॉपी बाहेर. आधी इथे तपासायची, मग आत.’

गिऱ्हाइकं चिडायची. ‘माझ्या फ्लॉपीला काय रोग झालाय का?’ असं एकाने विचारलंच. दादा म्हणाला, ‘कुठलंतरी रोप आणून तुम्ही एकदम बागेत लावता का?’ गिऱ्हाईक हसलं आणि फ्लॉपी पुढे केली. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा दादा मेल बघून झाली की फोनची वायर काढून ड्रॉवरमध्ये टाकायचा. संध्याकाळी दिवसभराचं काम सीडीवर उतरवून घरी न्यायचा आणि पोह्यांच्या डब्यात ठेवायचा. वहिनी पोहे करायला डबा उघडत आणि आधी सीडी बाजूला काढत. शेड जळाली तरी धंदा पोह्यातून काढता येईल, असं तो गंभीरपणे सांगायचा.

वहिनींचं आणि माझं बोलणं नव्हतं. मी मधे शेड सोडून ओझरला नोकरीला गेलो होतो. ती सुटल्यावर परत आलो, तेव्हा दारातच त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, ही काय धर्मशाळा आहे का?’ मीही काहीतरी बोललो. तेव्हापासून एका घरात जेवायचो, पण मीठसुद्धा दादामार्फत मागायचो. त्याने समेट करायचा प्रयत्न कधी केला नाही. उलट आमच्या भांडणाला त्याने कामाला लावलं.

डिझाइन्सची अख्खी डिस्क त्याने एका पासवर्डच्या आड ठेवली होती. घरातल्या सीड्यांनाही तेच कुलूप. हा पासवर्ड दर पाडव्याला बदलायचा. गुढी उभारली की तो वहिनींना आत बोलवून पहिला अर्धा भाग सांगायचा. मग मला गच्चीवर नेऊन उरलेला. कुठे लिहायचा नाही, एकमेकांना सांगायचा नाही, आणि तो नसताना डिस्क उघडायची वेळ आलीच, तर एकजण आपला भाग टाकत असताना दुसऱ्याने मान फिरवायची.

‘आम्हा दोघांकडेच का?’ मी एकदा विचारलं.

‘तुमचं पटत नाही म्हणून,’ तो म्हणाला. ‘ज्यांचं पटतं ते एकमेकांना सांगून टाकतात.’

भर हंगामात, शेडमध्येच, फोनची वायर हातात असताना दादा कोसळला. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लोक येत होते, खांद्यावर हात ठेवत होते. मला काहीच वाटत नव्हतं. मी कुणाकुणाला रडू नका म्हणून सांगत होतो, आणि ते ऐकत होते, याचंच मला नवल वाटत होतं.

चौथ्या दिवशी निफाडचा एक बागायतदार घरी आला. टेकला आणि म्हणाला, ‘दादा गेले, लय वाईट झालं. पण माल तोडणीला आलाय. लेबल नाय तर गाडी भरून घेत नाय कुणी.’ त्याच्यासारखे आणखी बरेच होते. तो हंगाम बुडाला असता तर शेड बंद करावी लागली असती आणि माणसं घरी गेली असती. कॉम्प्युटरवाल्याला मी आधीच विचारलं होतं. तो म्हणाला, हे कुलूप फोडता येत नाही.

आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. ‘चला,’ म्हणाल्या. सुतकात बाहेर कशाला, असं कुणीतरी कुजबुजलं. त्यांनी चपला घातल्या.

शेडमध्ये त्या दादाच्या खुर्चीवर बसल्या. रुमाल तिथेच होता, त्यांनी तो पसरला. ‘तिकडे बघा,’ म्हणाल्या. मी उंबरठ्यावरच्या कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. मग मी बसलो, त्यांनी मान फिरवली. माझा भाग टाकला. पडद्यावर उत्तर आलं, चुकीचा.

बागायतदार मागे उभा होता. ‘तोंडाने सांगून टाका की एकमेकांना,’ तो म्हणाला. ‘आता कुणापासून लपवायचं?’

वहिनी पडद्याकडे बघत होत्या. ‘त्यांनी सांगायचा नाही म्हटलंय,’ त्या म्हणाल्या. डोळे मिटून बसल्या. मला वाटलं आता रडतील, पण नाही. ‘मी गेल्या वर्षीचा टाकला,’ म्हणाल्या आणि पुन्हा रुमालाखाली हात घातला.

मीही माझा भाग पुन्हा टाकला. डिस्क उघडली. आत लेबलं होती. द्राक्षांचे घड, बागांची नावं, बॉक्सची मापं. आमच्यासाठी काही नव्हतं. दादा तसलं काही ठेवणाऱ्यांतला नव्हताच, तरी आम्ही दोघं सगळी फोल्डरं शेवटपर्यंत बघत गेलो. मग मी निफाडवाल्याचं डिझाइन काढून मशीन सुरू केलं.

पाडवा आला. त्या वर्षी गुढी नव्हती. पण पासवर्ड बदलायलाच हवा होता, आणि अर्धा अर्धा वाटून द्यायला आता कुणी नव्हतं. शेवटी वहिनींनी आपला भाग स्वतःच ठरवला, मी माझा.

अजूनही रोज सकाळी त्या शेडवर येतात. रुमाल पसरतात. मी दाराकडे तोंड करून उभा राहतो. ‘झालं, भाऊजी,’ म्हणतात, आणि मी खुर्चीवर बसतो. पूर्वी अख्खा पासवर्ड एकट्या दादाला माहीत असायचा. आता तो कुणालाच माहीत नाही.