खाली मीठ, वर अळणी पाव

शिरीष टेंभेकर गेल्याची बातमी फ्रीमाँटच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी सकाळी आली. तिच्या आधीचा मेसेज आंब्याच्या पेट्या कुठून उचलायच्या, याचा होता. बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेतच एकाने विचारलं, "पेटीत डझन येतात की दहा?" त्याला उत्तर लगेच मिळालं. शिरीषला काय झालं, हे मात्र दुपारपर्यंत कोणी विचारलं नाही. हृदयविकाराचा झटका, सांता क्लाराच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये. वय एकावन्न.

दोन आठवड्यांनी हॉलमध्ये शोकसभा झाली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "इटली हे शिरीषचं दुसरं घर होतं." टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळल्याने काहींनी अर्धवट वाजवल्या. या वाक्यात दुरुस्ती हवी. शिरीष इटलीला कधीच गेला नव्हता. हॉलमधल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक होतं, पण समोसे गार होत होते, त्यामुळे कोणी उठलं नाही. मीही उठलो नाही. पुण्याच्या एका दैनिकात मी सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत होतो. बायकोच्या नोकरीमागे इकडे आल्यावर ती सवय सुटली असावी.

शिरीष मूळचा नागपूरचा. सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचं, एवढंच काम, आणि ते त्याला मनापासून आवडे. ग्रीन कार्डाच्या रांगेत तो इतकी वर्षं होता की त्याबद्दल बोलणं त्याने सोडून दिलं होतं. वडील वारले तेव्हा नागपूरला गेला आणि परतीच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिथेच चार महिने अडकला. नोकरी कशीबशी वाचली. त्यानंतर तो अमेरिकेबाहेर पडला नाही. मुलगी ईशा तेव्हा सहा वर्षांची होती, आता सोळाची आहे.

बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तो दुसऱ्यांना पाठवू लागला. इटलीतली लहान, जुनी गावं हा त्याचा विषय. ॲपवर इटालियन शिकला. पहाटे चारला, म्हणजे तिकडे दुपारी एकला, तो तिथल्या दुकानांना फोन लावून वेळा विचारायचा. स्टेशनवरून बस किती वाजता, कुठल्या गल्लीत सकाळी बाजार भरतो, म्हातारे कुठल्या बाकावर बसतात... असं सगळं तीन-तीन पानांत बसवून तो जाणाऱ्याच्या हातात द्यायचा. फुकट. बदल्यात त्याची अट एकच होती : परत आल्यावर प्रत्येक मुद्द्याचं काय झालं ते खरं सांगायचं. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक मुद्द्यापुढे तीनच शेरे असत. पास, फेल, नॉट टेस्टेड.

लोक त्याच्याकडे यायचे ते अशी मागणी घेऊन : "शिरीष, तीन दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस बसव ना यार."

"बसवतो," तो म्हणायचा. "पण मग उतरू नका. खिडकीतूनच बघा."

ते उतरायचे. कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू देऊन फोटो काढायचे, हॉटेलच्या किटलीत मॅगी शिजवायचे आणि परत येऊन "इटालियन फूड ओव्हररेटेड आहे" असं मत द्यायचे. शिरीषला खरी हकिकत हवी असायची, ती कोणाकडे नसायची. तिच्याऐवजी ते फ्रिजवर लावायचं मॅग्नेट आणायचे. त्याच्या फ्रिजचं दार त्यांनी भरलं होतं. बहुतेकांच्या मागे रोम विमानतळाचं लेबल तसंच होतं. लेबल काढण्याचेही कष्ट कोणी घेतले नव्हते. त्याची बायको मंजिरी एकदा म्हणाली, "अरे, किती प्रेमाने आणतात!" शिरीष म्हणाला, "गेट नंबर बारासमोर आणतात."

त्याचं स्वतःचं लाडकं गाव व्होल्तेर्रा. तस्कनीतलं, डोंगरमाथ्यावरचं, जुन्या तटाचं. गल्ल्यांमध्ये अलाबास्टर दगड घासणाऱ्यांच्या कार्यशाळा आहेत आणि त्यांच्या उंबऱ्यांवर पांढरी धूळ साचते. ही माहिती मला तिथे मिळाली नाही, शिरीषच्या पानांवर मिळाली. खाली दरीत मिठाच्या खाणी आहेत. आणि वर गावात, साऱ्या तस्कनीसारखाच, पाव बिनमिठाचा. याने शिरीषची झोप उडाली होती. "खाली मीठ, वर अळणी पाव. कोणीतरी मला हे समजावा, बाप्पा!" पुस्तकांत तीन कारणं होती आणि तिन्हींवर त्याचा विश्वास नव्हता. त्याला तिथल्या एका बेकरीवालीचं उत्तर हवं होतं. फोनवर ती वेळा सांगायची. कारण विचारलं की गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून द्यायची.

मी आणि बायको इटलीला निघालो तेव्हा तो मला म्हणाला, "काय बे पत्रकार, एक काम करशील? बाकी काही बघू नको. बेकरीत जा, पाव खा, तिला विचार." मग स्वयंपाकघरात उभं करून त्याने माझ्याकडून प्रश्न तीनदा घोटून घेतला. पेर्के सेंझा साले? मीठ का नाही?

व्होल्तेर्रात आम्ही दोन तास होतो. अर्धा तास पार्किंग शोधण्यात गेला, एक तास पिझ्झ्यात. उरलेल्या अर्ध्या तासात तटाचे फोटो काढले, कारण संध्याकाळी फ्लॉरेन्सजवळच्या चामड्याच्या दुकानात पोचायचं होतं. बेकरी राहून गेली.

परत आल्यावर मी त्याच्या टेबलाशी बसलो. मॅग्नेट दिलं.

"पाव?"

"खाल्ला. एकदम अळणी. आपली भाकरी बरी."

"आणि ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, आजी असाच करायची."

"कुठल्या दिवशी गेलास?"

"बुधवारी."

"बरं," शिरीष म्हणाला आणि चहा ओतू लागला... त्याने पुढे काहीच विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. परत येताना फ्रीवेवर मी गाणंही लावलं.

शोकसभेनंतर ईशाने त्या फाइलमधलं एक पान मला आणून दिलं. "काका, धिस वन इज युवर्स, आय थिंक. युवर नेम इज ऑन इट." पान व्होल्तेर्राचं होतं. मला दिलं होतं तेच, फक्त उजवीकडे शेऱ्यांचा रकाना जास्त. जाण्याआधी ते मी वाचलं नव्हतं. विमानात चाळलं होतं. पाचव्या मुद्द्यात छापलं आहे : "बेकरी सकाळी सात ते दीड. बुधवारी बंद. मंगळवारी जाणे." त्याच्यापुढे माझं नाव आणि त्याचं बारीक अक्षर : "बुधवारी पाव खाल्ला म्हणतो. नॉट टेस्टेड."

खाली तारीख आहे, ती आमच्या चहाच्याच दिवसाची. त्यानंतर दोन वर्षं तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलत होता. फक्त इटलीचा विषय त्याने माझ्याकडे पुन्हा काढला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मंजिरीने मॅग्नेट अजून काढलेले नाहीत. माझं खालच्या रांगेत आहे. परवा कोणाचं लक्ष नसताना उलटं करून पाहिलं. लेबल आहे.

प्रश्न मला अजून पाठ आहे. पेर्के सेंझा साले... उच्चार बिनचूक येतो, शिरीषने तीनदा घोटून घेतला होता. तो त्या बाईला अजून कोणी विचारलेला नाही.