कपाटातली निळी रिबन

ग्रंथालय चालवायचं रीतसर शिक्षण मी पुढं घेतलं, प्रमाणपत्रही मिळवलं. पण खरं शिकले ते त्याच्या आधी, तामलवाडीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत, आणि शिकवणारीला अक्षरओळखसुद्धा नव्हती. ती आमच्या शाळेची शिपाई. सगळी शाळा तिला मावशी म्हणायची. मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला स्वतःची बाजू सावरत बसायला नको.

साल मोठ्या दुष्काळाचं. मी नुकतीच बी.एड. होऊन नोकरीला लागले होते. लोहाऱ्याच्या आमच्या बौद्धवस्तीतली शिकून मास्तरीण झालेली मी पहिली मुलगी. निघताना वडिलांनी एकच बजावलं होतं, कामात बोट ठेवायला कुणाला जागा ठेवू नकोस. ते मी इतकं मनावर घेतलं की खडूचे तुकडेसुद्धा डबीत मोजून ठेवायचे. त्यात जीभ आधीपासूनच तिखट. दोन्ही मिळून मी त्या शाळेत कशी वावरत असेन, ते आता आठवलं तरी लाज वाटते.

नवीन माणूस आला की नको असलेलं काम त्याच्या गळ्यात, हा शाळांचा जुना रिवाज. मला ग्रंथालयाचा चार्ज मिळाला. तो कुणालाच नको असायचा, कारण पुस्तक हरवलं की जाब चार्जवाल्याला. आधीचे गुरुजी दीड वर्षापूर्वी शाळा सोडून गेले होते, तेव्हापासून कपाटाला धनी नव्हता. किल्ली मावशीकडं असायची, कारण धूळ तीच झटकायची. हेडमास्तरांनी ती किल्ली माझ्या हातात दिली आणि सुटल्यासारखा चेहरा करून निघून गेले. मावशी तेव्हा शाळेत नव्हती. लेकीचं बाळंतपण होतं म्हणून किल्ली हेडमास्तरांकडं ठेवून चार दिवस तुळजापूरच्या दवाखान्यात गेली होती.

ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. गावच्या सोसायटीनं आपल्या खताच्या गोदामातलं जुनं कपाट शाळेला दिलेलं. दार उघडायला गुडघ्यानं रेटावं लागायचं, आणि उघडलं की आधी युरियाचा वास यायचा. आत पुस्तकं उभी लावलेली, पण मधेमधे फटी. आणि त्या फटींत काय काय! एकीत गोटी. एकीत फुटक्या बांगडीचा तुकडा. कुठं भोवरा, कुठं सायकलच्या घंटीची वाटी, कुठं शिट्टी, आणि खालच्या फळीवर घडी घातलेली एक निळी रिबन. बाई गं, म्हटलं, पोरांनी कपाटाचा उकिरडा करून ठेवलाय. सगळं टोपलीत भरलं आणि शाळेमागच्या खड्ड्यात नेऊन ओतलं. पाणी टँकरचं, म्हणून कोरड्या फडक्यानंच फळ्या पुसल्या. पुस्तकं नंबरानं लावली, फटी बुजवल्या. लांब उभी राहून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

मग मोजणी केली. तेवीस पुस्तकं कमी.

देवघेवीचं रजिस्टर काढलं, तर शेवटची नोंद आधीच्या गुरुजींच्या हातची. त्यानंतर कोरं. किल्ली इतके दिवस मावशीकडं, मावशी तुळजापुरात, आणि तुळजापुरात दुकानं केवढी! माझं डोकं सरळ रद्दीवर गेलं. पेढ्यांना, कुंकवाला कागद लागतोच की. मी मनातल्या मनात आमच्या पुस्तकांच्या पुड्यासुद्धा बांधून टाकल्या.

हेडमास्तर म्हणाले, मावशी आल्यावर विचारू, घाई कशाला. मी ऐकते होय? उद्या माझ्या नावानं बोट दाखवलं जाईल, लेखी द्यायलाच हवं, असा हट्ट धरला. झोकदार अक्षरात अहवाल लिहिला: इतकी पुस्तकं गहाळ, किल्ली शिपायाकडे. हेडमास्तरांनी सुस्कारा सोडून तो त्याच दिवशी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांकडं पाठवला. मग म्हणाले, मावशीची नेमणूक दरसाल नव्यानं होते, चिटणीस त्याच कामाला शनिवारी येणार आहेत. त्या जागेसाठी चिटणिसांच्या दारात माणसं बसून आहेत. आणि मावशीच्या घरात म्हातारी सासू आहे, आता बाळंतीण लेकही येणार, कमावणारी ती एकटी. जागा गेली तर पाझर तलावाच्या कामावर दगड फोडायला जावं लागेल, आणि तिचे गुडघे तर तुम्ही बघताच.

मला तेव्हा फार वाईट वाटलं नाही. केलं तर भरावं, एवढंच मनात आलं.

मावशी बुधवारी आली. नात झाली म्हणून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो टेबलावरच ठेवून दिला. ती फडकं घेऊन कपाटाकडं गेली, दार गुडघ्यानं रेटलं आणि तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं खालच्या फळीवर हात फिरवला, आंधळं माणूस फिरवतं तसा.

"बाई, हितली रिबन कुठं गेली? आन् गोटी?"

मी म्हटलं कचरा होता, टाकला. ती मटकन खालीच बसली. मग एकेक करून तिनं सांगितलं ते असं. गुरुजी गेले आणि कपाट बंद पडलं. पण पोरं काही थांबली नाहीत. मधल्या सुट्टीत दारात उभी राहायची, मावशी एकच पुस्तक दे. तिला लिहिता येत नव्हतं. नुसत्या तोंडाच्या हिशेबावर पुस्तक द्यायचं तर उद्या कुणाचं कुणाला ध्यानात राहायचं? म्हणून तिनं रीत घातली. पुस्तक न्यायचं तर आपली जिवापाड वस्तू त्या जागेवर ठेवायची. आलतूफालतू चालायचं नाही. एका पोरानं पेन्सिलीचं बुटूक आणलं, तर त्याला तिनं परत धाडलं होतं. भोवरा आणल्यावरच पुस्तक मिळालं. पुस्तक आणलं की वस्तू परत. दीड वर्षात एक पान इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

म्हणजे मी कचरा म्हणून जे ओतलं, ते रजिस्टर होतं. शिकलेली मी, आणि मला ते वाचता आलं नव्हतं.

"बाई, सायबाला काय कळीवलंय का तुमी?" तिनं विचारलं. मी मान खाली घातली. तिला कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, चला, आधी खड्डा बघू.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी खड्ड्यात उतरलो. नशीब, कचरा पेटवायचा वार शुक्रवार होता. पाचोळा, राख, खडूचा चुरा, सगळं हातानं चाळलं. मी इस्त्रीचं पातळ नेसलेली. त्याचं काय झालं ते विचारू नका. गोटी सापडली, घंटीची वाटी सापडली, बांगडीच्या तुकड्यापायी माझं बोट कापलं. "ही धाकल्या सुताराच्या पोराची, ह्यो भोवरा त्या तोतऱ्याचा," असं मावशी एकेक वस्तू पुसून सांगत होती. अंधार पडता पडता मला रिबन सापडली, राखेनं काळी झालेली. ती मात्र मावशीनं माझ्या हातून घेतली आणि स्वतःच्या कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मैदानात पोतं अंथरलं, त्यावर सगळ्या वस्तू मांडल्या. मी पोरांना सांगितलं, चूक माझी आहे, ज्यानं त्यानं आपलं पुस्तक आणून आपली वस्तू न्यावी. पोरं घराकडं पळाली ती धूळ उडवतच. दुपारपर्यंत बावीस पुस्तकं परत. कोपरे दुमडलेले, एकावर पिठल्याचा डाग, पण परत. उरलं एक. समुद्राच्या आणि जहाजांच्या चित्रांचं पुस्तक. ते सहावीतल्या एका मुलीनं नेलं होतं, आणि तिचे आईबाप लेकरांना घेऊन दुष्काळी कामावर गेले होते. कुठल्या तलावावर, ते गावात कुणाला धड सांगता येईना.

शनिवारी चिटणीस आले. मोठे बागायतदार, सोसायटीतही तेच, बोलायला मोजके. हातात माझा अहवाल. मावशी दाराशी उभी. हेडमास्तर काही बोलायच्या आत मीच उठले आणि सांगितलं, अहवाल चुकीचा आहे, न विचारता लिहिला, दोष माझा. वडिलांचे शब्द कानात वाजत होते, बोट ठेवायला जागा ठेवू नकोस. जागा तर मी स्वतःच करून देत होते.

चिटणिसांनी मोजणीचा कागद बघितला. एक तर अजून कमीच आहे ना, म्हणाले. मग अहवाल सगळाच चुकीचा कसा? ज्या शिपायानं न विचारता शाळेची पुस्तकं वाटली, तिला पुन्हा का ठेवायचं?

मावशीनं कनवटीची रिबन सोडली आणि टेबलावर ठेवली. धुतलेली होती.

"सायब, त्या पोरीकडं दोनच रिबनी. एक हितं ठिवून एक येणी चिंधीनं बांधून गेलीया ती. यील म्हंजे यीलच."

चिटणिसांनी रिबन उचलून बघितली, परत ठेवली. मग चष्मा पुसत हेडमास्तरांना म्हणाले, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत वाट बघू. तोवर मावशीला आहे तशी राहू द्या, पुस्तक आलं तर नेमणुकीवर सही करतो. जाताना मला एवढंच म्हणाले, बाई, आता ती पद्धत वहीत उतरवा. सोसायटीकडून यंदा थोडी पुस्तकं देऊ, यादी करा.

पुस्तकांची यादी म्हणजे तोवर काय, तर तालुक्याचा दुकानदार गठ्ठा बांधून द्यायचा आणि शाळा मुकाट्यानं घ्यायची. त्या वर्षी मी मावशीला शेजारी बसवलं. तिला पुस्तकांची नावं माहीत नव्हती, पण कुठली जागा वस्तूवाचून कधी रिकामी राहिली नाही ते ठाऊक होतं. रेडिओ दुरुस्तीच्या पुस्तकाला रांग असायची. भरतकामाच्या नमुन्यांसाठी दोन मुली भांडल्या होत्या. समुद्राच्या पुस्तकाला तर बारा महिने कुणाचं ना कुणाचं काहीतरी ठेवलेलंच. विहिरी आटलेल्या गावातली पोरं ती, दुसरं काय मागणार? आणि सोनेरी अक्षरांची जाड चरित्रं, जी मी पुढच्या फळीवर मिरवायला लावली होती? "त्यास्नी बोट बी लागलं न्हाय बाई," मावशी म्हणाली, "निस्ती धूळ खात्यात." यादीत मी काय घ्यायचं आणि काय नाही, ते तिनंच ठरवलं. पुढं मी किती शाळांत किती याद्या केल्या, पण आधी कपाट पुसणाऱ्याला विचारायचं, हे सोडलं नाही. त्या बाईचे उपकार मी कशानं फेडणार? तिला मला घालूनपाडून बोलायचा हक्क होता, आणि तिनं मी टेबलावर टाकून दिलेला गुळाचा खडा मला पुन्हा एकदा दिला. या वेळी मी तो खाल्ला.

ती सुट्टी मात्र मला जड गेली. लोहाऱ्याला घरी होते, पण जीव त्या एका पुस्तकात. मुलगी आलीच नाही तर? कामावर पोरांना रोगराई व्हायची, कुटुंबंच्या कुटुंबं तिकडूनच सोलापूरकडं निघून जायची. माझ्या एका कागदानं एका बाईची भाकरी टांगणीला लागली होती, आणि मी घरात सावलीत बसून जेवत होते.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मावशी रोज कपाट पुसायची, त्या जागेवरची रिबन उचलून पुन्हा तिथंच ठेवायची. माझ्याकडं बघायची नाही, मीही बघायचे नाही.

पाचव्या दिवशी मुलगी आली. उन्हानं करपलेली, पायात काही नाही, एका वेणीला विटकी निळी रिबन आणि दुसरीला चिंधी. काखेत लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं पुस्तक. आत पानापानांत दगडाची पांढरी भुकटी. तिनं सांगितलं, दुपारच्या सुट्टीत सगळ्या बाया तिला ते वाचायला लावायच्या. एवढं पाणी खरंच असतं का, म्हणून एक म्हातारी रोज विचारायची.

मावशीनं तिला पुढ्यात बसवलं, चिंधी सोडली, केस विंचरले आणि रिबन बांधून चांगलं फूल काढलं. हेडमास्तर चिटणिसांना चिठ्ठी लिहायला बसले. मुलीनं वेणी पुढं घेऊन ते फूल दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. मग उठून कपाटाशी गेली, बराच वेळ फळ्या न्याहाळल्या, आणि नवीन गठ्ठ्यातलं ताऱ्यांचं पुस्तक बाहेर काढलं.

मी म्हटलं, अगं, आता वही केली आहे, नुसतं नाव लिहिलं की झालं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मावशीकडं. आणि रिबन सोडून त्या रिकाम्या जागेत ठेवली.