इरफान आला की शहाणं होणारं मशीन

माझं कुणालाच खरं वाटलं नाही, हे आधी सांगून टाकते. महिनाभर घसा फोडून सांगत होते, "मशीनमध्ये खोट आहे, मशीनमध्ये खोट आहे." ऐकतंय कोण? नवरा हसायचा, सून मान खाली घालायची, आणि जुन्नरचा मेकॅनिक इरफान तर मशीनच्याच बाजूनं बोलायचा. चौथी शिकलेल्या मंदाकिनीला मशीनमधलं काय कळतंय, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं! तर आता बशीत चहा ओता आणि नीट ऐका. मधे हसलात तर उठून जाईन.

आमची सून, प्राजक्ता, घोडेगावला दवाखान्यात नर्स आहे. रोज पांढरा गणवेश. आणि आमच्याकडं श्रावण म्हणजे काय विचारू नका. दोरीवरचा कपडा चार दिवस लोंबकळतो, वाळत नाही, वर कुबट वास मारतो. म्हणून मुलानं धुऊन वाळवूनही देणारं मशीन आणलं. तो चाकणला कंपनीत, आठ दिवसांनी घरी येणार. म्हणजे मशीन सांभाळायचं कुणी? मी.

आणि सांभाळलं बरं का! कपडे मी टाकायचे, पावडर मी घालायची, मागचा नळ मी उघडायचा, मीच बंद करायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. माझं माहेर पार डोंगरात. पावसाळ्यात धो धो, आणि उन्हाळ्यात एका हंड्यासाठी दोन डोंगर चढायचे. त्यामुळं काम झाल्यावर नळ चालू दिसला की माझा हात आपोआप जातो. लेण्याद्रीला पायऱ्यांपाशी एक माणूस पाय धूत होता. त्याचा एकच पाय धुऊन झाला तोवर मी नळ बंद केला. बिचारा एका पायाला चिखल घेऊन गणपतीला गेला. पण शिस्त म्हणजे शिस्त!

तर मशीन. धुवायला एक नंबर. पण वाळवायला लागलं की अर्ध्या तासात अंग तव्यासारखं तापायचं. काचेवर वाफ, घरात करपल्यासारखा वास, मग टूं टूं करून बंद पडायचं. दार काही केल्या उघडायचं नाही. गार झाल्यावर उघडलं, की आतले कपडे गरमही आणि ओलेही! भाताच्या पातेल्यातून काढल्यासारखे.

एकदा प्राजक्ता तसाच दमट गणवेश घालून गेली आणि तापानं फणफणून आली. अंथरुणातून म्हणाली, "आई, पावसाळाभर मी घोडेगावला खोली घेते. खाली लाँड्री आहे, गणवेशाची काळजी नाही. परीलाही नेते, तिथली अंगणवाडी जवळ आहे."

परी म्हणजे माझी नात, चार वर्षांची. सून गेली तर भाकऱ्या मी थापीन हो, हात काही मोडले नाहीत. पण परी? तिच्याशिवाय त्या घरात करायचं काय? नवऱ्याचं तोंड बघत बसायचं?

मी लगेच इरफानला फोन लावला.

इरफान भिजत भिजत मोटारसायकलवर आला. पोरगा गुणी आहे, खोटं कशाला बोलू. मशीन उघडून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, यात आधी काय घातलं व्हतं?"

"गोधडी."

"आणि?"

"दोन चादरी. तुझ्या काकांचा कोट."

"मावशी, धुवायला जेवढं मावतं तेवढं वाळवायला चालत न्हाई. अर्धंच ठेवायचं. हवा फिरायला जागा लागते ना."

त्यानं दोन टॉवेल घालून मशीन लावलं. मी आत गेले. आमच्या घरातून कुणी पाव्हणा चहापोह्याशिवाय जात नाही. पोहे झाले, चहा झाला, बाहेर येऊन बघते तर काय, टॉवेल पापडासारखे कडक!

इरफाननं कागदावर लिहिलं: बिघाड आढळला नाही.

"असलं गुळमुळीत न्हाई लिहायचं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी ज्याचा दोष त्याचं नाव लिहायचं. ठसठशीत. मग तू असशील, कंपनी असंल, न्हाईतर दुकानदार."

तो हसला. हसू दे.

दुसऱ्या दिवशी मी मोजून चार कपडे घातले. पुन्हा तवा! पुन्हा टूं टूं!

तो परत आला. या खेपेला जाळीतला कापसासारखा धुरळा काढला, मागचा पाइप बघितला, वायरी तपासल्या. मी आत उपमा टाकला. उपमा झाला, कपडे वाळले.

नवरा म्हणाला, "पाव्हणं आलं की तुझं मशीन शहाणं व्हतं. अगदी माझ्या मेव्हण्यासारखं."

"माझ्या भावावर जायचं न्हाई!"

"बरं, न्हाई जात. पण तू मंचरच्या बाजाराला गेलीस त्या दिवशी प्राजक्तानं लावलं, तर कपडे वाळले की."

"म्हणजे काय? मशीन मला भितंय?"

"मी तरी कुठं भीत न्हाई?" म्हणाला आणि छत्री घेऊन सटकला.

मी विचार केला. मी एकटी असताना बंद, मी नसताना किंवा इरफान आला की चालू. मग त्या वेळी असं काय असतं, जे एरवी नसतं? डोकं चालवलं आणि सापडलं! शेजारची पोपटरावांची पिठाची गिरणी! बाजाराच्या दिवशी ती बंद असते. इरफान दोन्ही वेळा दुपारी आला, तेव्हा पोपटराव जेवायला गेलेले. म्हणजे गिरणी वीज ओढते आणि माझं मशीन तडफडतं. बघा, निघालं की नाही डोकं?

तडक गिरणीत गेले.

"पोपटराव, माझे कपडे वाळेस्तोवर गिरणी बंद!"

"अवो वैनी, लोकं पायल्या घेऊन उभी हायेत."

"माझी नात घर सोडून चाललीये आणि तुमाला पिठाचं पडलंय?"

पोपटराव भला माणूस. गिरणी थांबवली. दोन तास आमची अख्खी आळी पिठासाठी खोळंबली. आणि मशीन? तापलं, टूं टूं केलं, बंद पडलं.

पोपटराव पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशांवर हात फिरवत म्हणाले, "वैनी, आता गिरणी चालू करू का अजून कुणाचं काय बंद करायचंय?"

माझं डोकं फिरलं. दुकानात फोन केला. "रविवारी टेम्पो पाठवा आणि हा डबा घेऊन जा. इरफानलाही पाठवा. सगळ्यांसमोर मशीन चालवून दाखवते." पोपटरावांना म्हटलं, "तुमी पंच. गिरणीतल्या बायांनाही आणा."

रविवार उजाडला. टेम्पो दारात उभा. पडवीत पोपटराव आणि सहा बायका, मांडीवर दळणाचे डबे घेऊन. प्राजक्ताची पिशवी भरून ठेवलेली. खोलीवाल्याला तिनं संध्याकाळपर्यंत कळवते म्हणून सांगितलेलं. परी पिशवीवरच बसलेली, पायात बूट घालून.

इरफान म्हणाला, "मावशी, आज चहा नको. तुमी रोज जसं करता तसंच करा. मी नुसता बघतो."

"आज चहा मिळणारच न्हाई! आज मी इथून हलत न्हाई."

प्राजक्ताचे दोन गणवेश घातले, पावडर घातली, नळ उघडला, बटण दाबलं. मशीन फिरायला लागलं, आणि मी बोलायला लागले. कंपनीला बोलले, दुकानदाराला बोलले, इरफानला तोंडावर बोलले, "तुला पाना धरता येतो, पण पारख न्हाई." बायका माना डोलवत होत्या. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटत होतं.

तेवढ्यात धुणं संपलं. मशीन गरगरून थांबलं आणि वाळवायला लागलं. मी बोलता बोलता उठले, मागं हात घातला, येऊन बसले आणि पुढं सुरू केलं, "तर मी काय सांगत व्हते..."

"मावशी," इरफान म्हणाला. "आत्ता काय केलंत?"

"कुठं काय केलं?"

"मागं हात घातलात."

"नळ बंद केला. धुणं झालं ना!"

"दर वेळी बंद करता?"

"मग? वाळवायला पाणी कशाला लागतंय?"

इरफाननं टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "मावशी, या मशीनला वाळवायलाच पाणी लागतं."

पडवीत एका बाईचा डबा मांडीवरून घसरला.

"आतली हवा तापते," तो सांगायला लागला, "ती कपड्यातलं पाणी घेते, त्याची वाफ व्हते. त्या वाफेला गार पाणी लागलं की वाफेचं परत पाणी व्हतं आणि पाइपानं बाहेर जातं. नळ बंद केला तर वाफ जाणार कुठं? आतल्या आत फिरती. मशीन तापतं, आणि जळू नये म्हणून सोताच बंद पडतं. मी आलो की तुमी आत चहा करायला जायच्या, म्हणून नळ चालू राहायचा."

पोपटराव पुढं सरकले. "म्हणजे दोन तास माझी गिरणी..."

"तुमी गप बसा!" मी म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता. तुम्हीच सांगा, कुठून आणायचा?

नवरा उठला. मशीनच्या मागं गेला आणि नळ उघडला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं घरात केलेलं ते पहिलं काम, आणि तेही असल्या वेळी!

मग सगळे बसून राहिले. दळण टाकायला एक जण उठेना. मी उठून चहा टाकला, दहा कपांचा. दुसरं करण्यासारखं होतं काय? शेवटी मशीननं गाणं वाजवलं आणि दार टक्‌कन उघडलं. प्राजक्तानं गणवेश बाहेर काढला, गालाला लावून बघितला. कोरडा. खडखडीत!

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं. "परी, बूट काढ गं," म्हणाली.

बस्स. त्यापुढं मला कोण किती हसलं, मी मोजलं नाही. टेम्पो रिकामा परत गेला. गिरणी थांबवल्याची भरपाई म्हणून पोपटरावांचं दोन पायली दळण मी पुढच्या आठवड्यात स्वतः चाळून दिलं, तेही त्यांच्या मिशांकडं न बघता.

इरफान कागद घेऊन अवघडून उभा होता. "मावशी, बिघाड आढळला न्हाई असंच लिहू ना?"

सुटायची वाट होती, नाही का? पण ठसठशीत लिही, असं मीच त्याला बजावलं होतं. आणि मी बोललेला शब्द गिळणारी बाई नाही. त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं. चौथीत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. 'बिघाडाचं कारण' लिहिलेल्या चौकटीत, रेघेच्या वर न जाता, मोठ्या अक्षरात लिहिलं:

मंदाकिनी.