उजवा खांदा

जळगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करायला एक म्हातारा अमेरिकन यायचा. तरुणपणी तो तिकडे बेसबॉलमध्ये चेंडू टाकायचा. समोरच्यांना एकही धाव मिळू द्यायचा नाही, म्हणून गाव रोज त्यालाच उभं करायचं. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भांगसुद्धा तो डाव्या हातानं पाडायचा.

एकदा एका शेतकऱ्याची कापसाची गाडी सगळ्यांच्या आधी पोचली. "मनी जोडी वाघ शे! आते लगेच दुसरी खेप," असं आपल्या बैलांचं कौतुक करत तो त्यांना पुन्हा जुंपू लागला.

म्हाताऱ्यानं जू धरलं. "आज सोड त्यांना, भाऊ. मी जिंकायचो, म्हणून मला कोणी सोडलं नाही."

शेतकरी हसला आणि त्यानं बैल जुंपले. म्हातारा खांदा चोळत गाडीकडे बघत राहिला.