विचारायचं बटण

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, साठी उलटल्यावर प्राचीन चीनचा अर्धा मुलूख जिंकला होता. हे ऑफिसात सांगितलं की लोक हसतात. हसू देत. वाशीच्या दाणाबाजारात तीस वर्षं पोती वाहिलेला साताऱ्याकडचा माणूस, नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांत सतरंजीवर बसून चिनी सरदारांची फौज चालवायचा, आणि बरी चालवायचा.

टीव्हीवरचा व्हिडिओ गेम तो. खेळ असा होता. आधी नकाशा. कुठल्या किल्ल्यात किती धान्य, किती शिपाई, कुठला सरदार कुणावर पाठवायचा, हे ठरवायचं. मग लढाई. लढाईत आपला एकटा सरदार भाल्याच्या एका फटक्यात वीस-पंचवीस माणसं उडवतो. आबांची जाड बोटं एका वेळी दोन बटणं दाबायची, त्यामुळे लढाई माझ्याकडे आणि कारभार त्यांच्याकडे. शत्रूचं कोठार पेटवलं की विजय सोपा होतो, पण आबा ते कधी करू द्यायचे नाहीत. धान्य जाळायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पडद्यावर सगळं इंग्रजीत, म्हणून वाचून दाखवायचं काम माझं. त्या राज्यात आबांना जे कळायचं ते माझ्याच तोंडून. खेळाबाहेरही तसंच होतं, आणि तिथेच मी माती खाल्ली.

आबांची टोळी बारा माथाड्यांची. माणूस दुखला-खुपला तरी टोळीतून काढायचा नाही, हा त्यांचा रिवाज. आबांची पाठ गेली तेव्हा टोळीच्या म्होरक्याने, मुकादमकाकांनी त्यांना ट्रकपाशी उभं केलं, दुसऱ्याच्या पाठीवर पोतं चढवून द्यायला. मुकादमकाका आमच्या शेजारच्या वाडीचे. दोघं एकाच एसटीने मुंबईला आले, एकाच खोलीत राहिले. आईसुद्धा गमतीने म्हणायची, तुमचं खरं लग्न तिकडंच लागलंय.

मग एकदा पोतं चढवताना आबांना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, आता घरी बसवा. आबांना हे सांगायचं कुणी? मी चाळिशीला टेकलेला माणूस, पण बापाच्या रागाला भ्यायचो. घरी बसा म्हटलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं असतं. म्हणून मी त्यांच्या नकळत मुकादमकाकांकडे गेलो. म्हणालो, आबांना उद्यापासून बोलावू नका, पण हे मी सांगितलं असं त्यांना कळता कामा नये. आबांच्या गळ्याची शपथ घ्या.

आमच्याकडे ही शपथ म्हणजे थट्टा नव्हे. मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली तोच जातो, असं मानतात. ज्याने घातली त्यानेच ती सोडवायची, दुसऱ्याला तो अधिकार नाही. मला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर घातली. काका गळ्याला हात लावून म्हणाले, "घेतली. पर तू तेला लवकर सांग, बाळा."

दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच घरी परतले. पोती ओढायचा आकडा त्यांनी माळ्यावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. टोळीने नव्हे, जिवाभावाच्या माणसाने आपल्याला काढलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर मुकादमकाकांचं नाव त्यांनी तोंडात घेतलं नाही. काका दोनदा घरी आले, दोन्ही वेळा आबा संडासात जाऊन बसले. काकांच्या धाकटीच्या लग्नाची पत्रिका आली, ती टीव्हीखाली तशीच पडून राहिली. आई विचारायची, एवढं काय झालं तुमचं? आबा गप्प, आणि मी त्यांच्याहून गप्प.

मन खात होतं, म्हणून मी नेरूळ स्टेशनजवळच्या एका दुकानातून टीव्हीला जोडायचं एक जुनं गेमचं यंत्र आणि हा खेळ घेतला. आबांनी आधी नाक मुरडलं. पण नकाशावर सरदारांची रांग दिसली तशी म्हणाले, "ही आपली टोळी व्हय? मुकादम कोन हितला?" एवढ्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदा आला होता. मी म्हणालो, तुम्हीच.

एका रविवारी दुपारी आमचा सगळ्यात जुना, पांढऱ्या दाढीचा सरदार शत्रूला जाऊन मिळाला. शत्रूने अफवा पेरली की आपल्या माणसाची निष्ठा घटते, असा तो खेळ. मी आबांना वाचून दाखवलं. ते चिडले.

"तेला कुनीतरी भरवलंय. जाऊन ईचार की तेला."

"आबा, विचारायचं बटण नसतं."

"ह्यो कसला खेळ? मान उडवायचं बटन हाय, आन ईचारायचं न्हाय?"

पुढच्याच लढाईत तो सरदार माझ्या हाती सापडला. पडद्यावर तीन पर्याय आले: ठार करा, सोडून द्या, पदरी घ्या. मी वाचून संपवायच्या आत आबा म्हणाले, "घे पदरात. च्या पाज तेला." मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने नकाशाकडे बघतच म्हणाले, "म्या बी न्हाय ईचारलं."

"कुणाला?" मी विचारलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

"हाय येक."

मुकादमकाका जुईनगरला राहायचे, रिक्षाने दहा मिनिटं. आबा, ते मी केलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. संध्याकाळी दोघं एकाच कपातला चहा बशीत ओतून प्यायले असते. मी पुढच्या लढाईचं बटण दाबलं, ढोल वाजले, आणि मी तीनशे माणसं मारली.

मग म्हटलं, दिवाळीत सांगू. दिवाळीत म्हटलं, सणासुदीला कशाला, संक्रांतीला सांगू. संक्रांतीच्या आधीच एका सकाळी, दात घासता घासता आबा गेले. मी त्यांना फसवलं आणि मला वेळ होता तेव्हाही फसवत राहिलो. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

स्मशानात सगळी टोळी आली, बाजारातून तशीच, अंगावर पोत्यांची धूळ घेऊन. पुढचा खांदा मुकादमकाकांनी शेवटपर्यंत सोडला नाही. चिता पेटल्यावर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. टोळीतले बाकीचे दोन पावलांवर होते.

"आता शपथेचं काय ऱ्हायलं," ते हळू आवाजात म्हणाले. "सांगितलंस न्हवं तेला?"

एवढ्या माणसांत, बापाच्या चितेसमोर, नाही कसं म्हणू? जिभेला सवय झालेलीच होती.

"हो काका. केव्हाच सांगितलं."

काकांचे डोळे पाण्याने भरले होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"मग आला का न्हाय त्यो?"

मी खाली बघितलं.

"म्हंजी ठावं असून बी आला न्हाय," ते म्हणाले, आणि चपला शोधायला गेले.