हिरवा दिवा

माझ्या साडूकडे महागडी हायब्रीड एसयूव्ही आहे आणि दुर्दैवानं माझ्याकडेही आहे, दुसऱ्या कंपनीची. त्यामुळे भेटला की चहाच्या आधी तो मायलेज विचारतो. माझा आकडा जास्त निघाला, तर त्या माणसाला जेवण गोड लागत नाही.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या शहरात गोकुळ रोडवर एक मुंज होती. "साडूभाऊ, आज माझ्या गाडीतनं चला आणि डोळ्यांनी बघा," म्हणाला. आमच्या मळमड्डीहून निघालो. मागच्या सीटवर सासूबाई. एसी बंद, कारण एसीनं मायलेज पडतं. काचाही बंद, कारण धुरळ्यानं सीट खराब होतात. त्या सीटवरचं प्लास्टिक या शहाण्यानं अजून काढलेलं नाही! गाडी बॅटरीवर चालली की समोर हिरवा दिवा लागतो. तो विझू नये म्हणून महाराज सायकलच्या वेगानं चालले होते आणि मागून लॉरीवाले शिव्या घालत होते.

वाटेत उणकलला सासूबाई आधी कानडीत, मग मराठीत म्हणाल्या, "साकु! पुरे! थांबवा गाडी. मी बसनं येते." त्या उतरल्या आणि बसस्टॉपकडे चालायलाही लागल्या.

साडूचा चेहरा उजळला. "वजन कमी झालं. आता बघा मायलेज!"

थोड्या वेळानं शेजारच्या, फक्त बससाठी राखलेल्या लेनमधून एसी बस आम्हाला मागे टाकून गेली. खिडकीत सासूबाई बसल्या होत्या. गारठ्यामुळे त्यांनी पदर कानांवरून घट्ट लपेटून घेतला होता.