भाऊजींनी गुंडाळलेली दोरी

बंदरावरचा तो पाणबुड्या पाण्याखाली इतका सावकाश हालायचा, की सगळे त्याला कासव म्हणत. युद्धात बुडालेलं एक मालवाहू जहाज जवळच समुद्राच्या तळाशी होतं. हौशी लोकांना ते दाखवून आणायचं, हाच त्याचा धंदा. परक्यांचा त्याला कधी त्रास झाला नाही. त्रास दिला तो सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने.

भाऊजी सुट्टीला आले, की घरात अंधार पडे. कुणी उठलं रे उठलं, की यांनी दिवा बंद केलाच. एकदा तर कासव आंघोळीला असताना बाहेरून बटण दाबलं. डोळ्यांत साबण, वर काळोख.

"वाटलं, विसरलात," भाऊजी दाराबाहेरून म्हणाले.

यंदा ते पाण्याखाली बुडी मारायचं शिक्षण घेऊनच आले, आणि जहाज बघायचं म्हणून हटून बसले.

"दादा, यांना जसे नेतोयस तसे परत आण," बहीण म्हणाली. "नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

"आणि मलाच काही झालं तर?"

"तुला काय धाड भरलीय."

होडीत कासवाने घसा कोरडा होईपर्यंत बजावलं. कशाला हात लावू नका. पाय जोरात मारू नका, गाळ उठला की काही दिसत नाही. मी दाराशी दोरी बांधून आत नेईन, तिच्यावर हात ठेवून मागून या, बाहेर यायची वाट तीच. दोरी गुंडाळू नका, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते सांगायचं कुणाला सुचणार?

जहाजाच्या पोटात सैनिकांच्या बुटांचे ढीग होते. ते दाखवायला कासव वळला, तर भाऊजी मागून येताहेत, कोपर ते पंजा असे दोरीचे वेढे घालत, वाळत घालायची दोरी आवरावी तसे. दाराशी बांधलेलं टोक त्यांच्या मनगटावरून लोंबत होतं.

कासवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गर्रकन वळला, आणि जन्मात न चुकलेला त्याचाच पाय तळाला लागला. गाळ उसळला. टॉर्चच्या उजेडात सगळीकडे नुसतं पांढरं धुकं. त्याने भाऊजींचं मनगट घट्ट धरलं आणि भिंत चाचपली. बूट. पुन्हा बूट. दार कुठे, काही कळेना. हवेचा काटा खाली सरकत होता.

तेवढ्यात भाऊजींनी आपला टॉर्च विझवला. मग हात लांब करून कासवाचाही विझवला.

तोंडात हवेची नळी होती म्हणून बरं, नाहीतर नातं तिथेच संपलं असतं. पण धुकं विझलं, आणि डावीकडे वर एक फिकट निळा चौकोन दिसला. दार.

होडीत आल्यावर कासवाने विचारलं, "दोरी कशाला गुंडाळलीत?"

"मागे राहिली होती. वाटलं, विसरलात."

"आणि टॉर्च?"

"दिसत काहीच नव्हतं. उगाच कशाला जाळायचा?"

कासवाला शिव्याही देववेनात आणि आभारही मानवेनात.

घरी बहिणीने विचारलं, "कसं झालं?"

"छान. दादांचा पाय लागून जरा गाळ उठला, एवढंच."

"दादा, इतकी वर्षं हेच करतोस ना रे?"

कासव आंघोळीला गेला. साबण लावला, तोच बाहेर बटण वाजलं आणि काळोख झाला. तो ओरडणार होता. पण दाराखालून उजेडाची बारीक रेघ येत होती. तिच्याकडे बघत तो अंग चोळत राहिला.